रविवारी नको, बुधवारी बघायला या

छोटे, तू पाठवलेली चारही माहितीपत्रकं मी नीट वाचली. पनवेल, बदलापूर, कर्जत आणि पालघर. चारही कागदांवर स्टेशन पाच मिनिटांवर आहे, पोहायचा तलाव आहे, आणि प्यायचं पाणी कुठून येतं हे एकाही कागदावर नाही. म्हटलं, फोनवर तुटक बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढावं. रात्री मुलं झोपली की निवांत वाच.

परळची भाड्याची खोली सोडायची हे तुमचं ठरलंय आणि मला ते पटलंय. माणसं पाच, जागा एक खोली आणि स्वयंपाकघर. थोरली आता पाचवीत जाणार, तिला अभ्यासाला कोपरा हवा. सासूबाईंना रात्री पाठ टेकायला स्वतःचा पलंग हवा. मुंबईत तेवढी जागा घ्यायची तर दोघांचे पगार हप्त्यातच संपतील. तेव्हा जावं की न जावं हा प्रश्न उरलेला नाही, कुठे जावं एवढाच आहे. पण तू सुरुवात केलीस ती चौरस फुटाच्या भावापासून, आणि तिथेच मला तुला अडवावंसं वाटलं.

भाव शेवटी बघ गं. आधी हे बघ, की तुमच्या घरातलं कोण त्या गावात किती वेळ असणार आहे. तू आणि जावई सकाळी सातच्या सुमाराला बाहेर पडाल, रात्री आठला परताल. चोवीस तास तिथे असणार सासूबाई, आणि शाळेचा वेळ सोडून मुलं. पाणी गेलं तर त्यांना कळणार. रिक्षा मिळाली नाही तर त्या अडकणार. धाकट्याला दुपारी ताप चढला तर डॉक्टर त्यांना शोधावा लागणार. म्हणून गाव त्यांच्या सोयीचं हवं. हे उलटं धरून घर घेतलेली कुटुंबं मी इथे बदलापुरात इतकी पाहिलीत! वर्ष-दोन वर्षं ओढाताण होते, मग आजी परत मुंबईला दुसऱ्या मुलाकडे जातात, आणि मुलांना बघायला कोणी नाही म्हणून सून नोकरी सोडते. नोकरी सुनेचीच सुटते, छोटे. म्हणून हे मी पहिल्यांदा तुला सांगतेय आणि मग जावयांना सांगणार आहे.

आता प्रवासाचं. तुझं ऑफिस फोर्टात, जावयांचं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. एवढ्यावरच पालघर बाजूला ठेव. गाव वाईट नाही. २०१४ पासून जिल्ह्याचं ठिकाण आहे, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकलही जाते. पण ते गाव त्यांचं, ज्यांचं काम बोरिवली-अंधेरीला किंवा बोईसरच्या कारखान्यांत आहे. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या, एक चुकली की पुढचीसाठी ताटकळायचं. आणि जावयांना रोज पश्चिम रेल्वेवरून दादरला येऊन परत ठाण्याकडे जायचं म्हणजे दिवस प्रवासातच गेला.

कर्जतवर तुझा जीव बसलाय हे मला माहीत आहे. पावसाळ्यात तुम्ही गेला होतात, डोंगरावरून पाणी कोसळत होतं, स्टेशनवर गरम वडा खाल्लात, आणि तू म्हणालीस इथेच राहायचं. अगं, सीएसएमटीपासून १०० किलोमीटर आहे ते. गाडीतच दोन तास, वर घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून ऑफिस. बदलापूरपर्यंत जितक्या गाड्या येतात तितक्या पुढे कर्जतला जात नाहीत. ज्यांना आठवड्यातून एक-दोनदाच ऑफिसात तोंड दाखवायचंय त्यांनी कर्जत, नेरळ खुशाल घ्यावं. तुला रोज साडेनवाला हजेरी लावायची आहे.

राहिली पनवेल आणि बदलापूर. मी इथे राहते म्हणून बदलापूरच घे असं म्हणणार नाही, दोन्हीचं खरं ते सांगते.

पनवेल हे जुनं, मुरलेलं गाव आहे. नगरपालिका १८५२ सालची, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. बाजारपेठ मोठी, दवाखाने भरपूर, एसटीचा मोठा डेपो, पुण्याला आणि कोकणात जाणारे रस्ते तिथूनच फुटतात. आपल्या गावी जायला तर फारच सोयीचं. लोकल पनवेलहूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण हार्बरला रूळ दोनच, म्हणून फास्ट गाडी नाही. प्रत्येक स्टेशन घेत घेत सीएसएमटीला पोचायला साधारण एक तास वीस मिनिटं. जावयांना तुर्भ्यावरून ठाण्याला जाणारी थेट गाडी आहे, तीही बरी. अडचण भावाची. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि त्या बाजूला जो तो बिल्डर त्या दोन नावांवर भाव सांगतो. अटल सेतूवरून कारने जायला एका बाजूचा टोल २५० रुपये. तू काही रोज कारने फोर्टात जाणार नाहीस, आणि विमानात तर तुम्ही वर्षातून एकदाही बसत नाही. मग त्यांचे पैसे तुम्ही का भरायचे? तुमच्या बजेटात पनवेलमध्ये स्टेशनजवळ एक बेडरूम येईल. दोन हव्यात तर पार आत, शेअर रिक्षाच्याही पुढे जावं लागेल. आणि उन्हाळ्यात पाण्याची ओरड तिथेही आहे.

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. फास्ट गाडी मिळाली तर सव्वा ते दीड तास, जावयांना ठाणे पाऊण तासावर. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल आहेत, पण सकाळची गाडी स्टेशनात शिरते तेव्हाच निम्म्या जागा भरलेल्या असतात, कारण अंबरनाथच्या बायका उलट्या दिशेने येऊन आधीच बसलेल्या असतात. कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाडीत चढता येतं, बसायची आशा ठेवू नये. लेडीज डब्यात तुला लवकरच ग्रुप मिळेल. कोण कुठे उतरणार, कोणाच्या जागेवर कोण बसणार, याचा हिशेब त्या बायकांना तोंडपाठ असतो. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडतात, गवार मोडतात, घरी पोचेपर्यंत भाजी फोडणीला तयार. आजारपणात हाच ग्रुप धावून येतो, हे मी अनुभवलंय. तरी सांगते, दारात कधी उभी राहू नकोस. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या माणसांना घासून खाली पडली, जीव गेले. घरचं माणूस रोज त्या वळणावरून जाणार, हे धरूनच गाव निवडायचं. गाडी चुकली तर चुकली, पुढचीने ये. तुझ्या साहेबांना आजच सांगून ठेव की पावसात दोन-चारदा उशीर होणार.

उशीर का होतो तेही समजून घे. कल्याणपासून पुढे कर्जतच्या बाजूला रूळ दोनच. त्याच रुळांवरून पुण्याच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात, आणि त्यांच्या मध्ये आपली लोकल. मेल लेट झाली की आपली गाडी बाजूला थांबवतात. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, काम चालू आहे, अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोलीला नवं स्टेशन होणार आहे, तिकडे पनवेल-कर्जत लोकलमार्ग होणार आहे. होऊ दे, आपल्याला हवंच आहे. पण ‘होणार’ या शब्दाचे पैसे बिल्डरला देऊ नकोस. ज्या गाडीत तू आज बसू शकतेस तेवढीच गाडी तुझी, असं धरून हिशेब कर.

म्हणूनच म्हणते, जागा बघायला रविवारी येऊ नका. रविवारी बिल्डरची माणसं गाडी घेऊन कल्याणला न्यायला येतात, रस्ते मोकळे, सरबत हातात, आणि नमुना फ्लॅटमध्ये पलंगही जरा लहान करून ठेवलेला असतो, म्हणजे खोली मोठी दिसते. तू बुधवारी ये. ऑफिस सुटल्यावर सहा-सव्वासहाची गाडी सीएसएमटीवरून पकड, तुला रोज जसं यावं लागेल तशी ये. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी राहा. जिथे घर बघताय तिथपर्यंत शेअर रिक्षा जाते का, रात्री नऊनंतर जाते का, की ‘तिकडे नाही येत’ म्हणून मान हलवतात, ते स्वतः बघ. रेल्वेचा महिन्याचा पास स्वस्त असतो. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा महिन्याला पासापेक्षा जास्त पैसे खाते. म्हणून स्टेशनपासून चालत जाता येईल असं जुनं घर आणि चार किलोमीटरवरचं नवंकोरं घर यांत मी तुला जुनं घे म्हणेन.

आता पाणी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण परळला नळ सोडला की पाणी येतं आणि त्यामुळे या गोष्टीचा विचार करायची तुला सवयच नाही. ठाणे जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच शहापुरात उन्हाळा आला की गावोगाव टँकर फिरतात. धरण जवळ असलं म्हणजे पाणी तुमच्या टाकीत येतं असं नाही. बदलापूरच्या शेजारी बारवीचं धरण आहे, ते एमआयडीसीचं. आमच्या नळाला येतं ते उल्हास नदीवरच्या बॅरेजचं पाणी. गाव वाढतंय, इमारती वाढतायत, नदी तेवढीच.

म्हणून ज्या इमारतीत घर बघशील तिथे तीन माणसांशी बोल, आणि त्यांत बिल्डरचा माणूस धरू नकोस. पहिला वॉचमन. पंप तोच चालू करतो, त्याला विचार, ‘भाऊ, नळाचं पाणी किती वाजता येतं, वरची टाकी भरते का?’ दुसरी, वरच्या मजल्यावरची एखादी बाई. तिच्या मोरीत बादल्या आणि पिंप किती भरून ठेवलेत ते बघितलंस की विचारायचीही गरज नाही. तिसरा सोसायटीचा खजिनदार. त्याच्याकडून गेल्या मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल माग. जानेवारीचं बिल सगळे दाखवतात. मेच्या बिलात ‘टँकर’ म्हणून वेगळी ओळ असेल, तर त्या आकड्याला बघून मग हप्ता ठरव. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर साधी दोनशे पानी वही असते. टँकर आला की तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि सही. ती वही चाळायला मिळाली तर त्या इमारतीचा अख्खा उन्हाळा तुला कळेल.

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्याची. जुलै २०१९ मधली महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवते ना? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजारावर माणसं, नौदल आणि एनडीआरएफने बोटी आणून बाहेर काढली. ती नदी आमचीच. नदीकडच्या सखल भागात, हेंद्रेपाडा, रमेशवाडी या बाजूला, पुराचं पाणी घरात शिरलेलं आहे. बिल्डर ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणाला की तू पूररेषा विचार. तळमजल्याच्या भिंतींवर ओलीची रेघ दिसते का बघ. विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघ. एकदा पाणी शिरलेल्या इमारतीत ते नंतर वर नेलेले असतात. आणि वीज म्हणजे आता बेस्ट नाही, महावितरण. देखभालीसाठी आठवड्यातून एखाद्या दिवशी काही तास वीज बंद ठेवतात, वादळवाऱ्यात त्याहून जास्त. इन्व्हर्टरचे पैसे घराच्या पैशांतच धरून ठेव.

एमआयडीसीपासून लांब राहा, हेही आत्ताच सांगते. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कंपनीत स्फोट झाला, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यातही रासायनिक कारखाने आहेत. काही वस्त्यांत रात्री वास येतो, डोळे चुरचुरतात अशी लोकांची तक्रार असते. तुझ्या धाकट्याला दम लागतो. तेव्हा पसंत पडलेल्या इमारतीपाशी रात्री अकराला जाऊन उभं राहायचं, ते काम जावयांवर सोपव.

दवाखान्याचं लिहिताना माझा हात जड होतो. परळला तुम्ही केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहात. मुलांसाठी वाडिया, पलीकडे टाटा. देशभरातून लोक जिथे फुटपाथवर झोपून उपचार घेतात, ते तुमच्या कोपऱ्यावर आहे, आणि ते तुम्ही सोडून येणार आहात. बदलापुरात चांगले डॉक्टर आहेत, बाळंतपणं होतात, हाडं जोडली जातात. पण मोठं काही झालं तर उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, नाहीतर थेट मुंबई. सासूबाईंना साखर आहे, रक्तदाब आहे, गेल्या वर्षी छातीत दुखलं होतं. त्यामुळे घर ठरवण्याआधी हे शोध: हृदयाचा रुग्ण रात्री दोन वाजता घेणारं, आयसीयू असलेलं रुग्णालय घरापासून किती लांब, आणि मध्ये रेल्वे फाटक किंवा सदा तुंबणारा उड्डाणपूल आहे का. पूर्व आणि पश्चिम हा भेद या गावांत फार मोठा असतो. नकाशावर समोरासमोर दिसणारं ठिकाण गाडीने अर्ध्या तासावर निघतं.

शाळेसाठी मला तुझं एक चुकतंय असं वाटतं. तू नावाजलेली शाळा आधी ठरवून तिच्याजवळ घर शोधतेस. शाळा बघ, पण शाळा सुटल्यानंतरचे तास आधी बघ. शाळा साडेबाराला सुटली तर साडेबारापासून आठपर्यंत धाकटा कुठे? पाळणाघर सातला बंद होतं आणि तुझी गाडी कल्याणला अडकलीय, अशा संध्याकाळी त्याला कोण आणणार? सासूबाईंनी सगळं करावं हे गृहीत धरू नकोस, त्यांनी तुझ्या नवऱ्याला वाढवलंय, आता त्यांचं वय झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर जे गुदरलं आणि लोक रुळांवर उतरले, ते तुझ्या मनात येणारच. आमच्याही मनातून गेलेलं नाही. म्हणून शाळेत जाशील तेव्हा फी विचारायच्या आधी विचार की लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, बाई आहे का, कॅमेरे चालू आहेत का, व्हॅनमध्ये मदतनीस बाई असते का. उत्तर देताना मुख्याध्यापक चिडले तर ती शाळा सोड. हा नियम कुठल्याही गावाला लावायचा, पनवेल असो की परळ. आणि थोरलीची पुढची सहा वर्षं डोळ्यांसमोर आण. दहावीनंतर अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, कॉलेज कल्याणला मिळेल नाहीतर ठाण्याला. तेव्हा सकाळच्या गर्दीत ती एकटी चढणार. स्टेशन जवळ हवं म्हणते ते तुझ्यापेक्षा तिच्यासाठी.

सासूबाईंशी तू या विषयावर अजून बोलली नाहीस, हे मला तुझ्या बोलण्यावरून कळलं. छोटे, आधी ते कर. त्यांचं लग्न होऊन त्या ज्या वस्तीत आल्या तिथे त्यांचं सगळं आयुष्य गेलं. भजनी मंडळ, लालबागचा बाजार, मसाला कुटून देणारी बाई, रोज संध्याकाळी कठड्याला टेकून बोलणाऱ्या मैत्रिणी. सातव्या मजल्यावरच्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये हे काहीच नसतं. त्यांना घेऊन ये आणि चार दिवस माझ्याकडे ठेव. मी त्यांना आमच्या मंडईत नेईन. पावसाळ्याच्या तोंडाला इथे आदिवासी बायका शेवळं, कंटोली, भारंगी, टाकळा घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, जांभळांचे द्रोण असतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. एका सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊ. १०६० सालचं आहे ते, दगडातलं कोरीव काम बघून त्या हरखून जातील. पण हे सगळं दाखवूनही त्या म्हणाल्या की मला इथे करमणार नाही, तर ते मनावर घे. म्हातारी माणसं एकदाच म्हणतात, पुन्हा म्हणत नाहीत, नुसती गप्प होतात.

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगते, बाकी वकिलाकडून करून घे, आणि तो बिल्डरने सुचवलेला नको. महारेराचा नोंदणी क्रमांक बघायचाच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण तू वाचलंस ना? बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. लोकांनी घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. तेव्हा परवानगीची प्रत घेऊन नगरपालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि ती त्यांनीच दिली आहे का ते विचार. जमिनीचा सातबारा बघ, बिनशेती आहे का बघ. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागितल्याशिवाय पुढे बोलू नकोस. ‘महिन्याभरात येतंय’ हे उत्तर नव्हे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे कायद्यातच आहे, आणि हे वाक्य त्यांच्या ऑफिसात मोठ्याने म्हणायला लाजू नकोस. आणि एक. आपल्या राज्यात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीचं निमित्त कर, पण घर तुझ्या नावावर कर. हप्ता तुझ्याही पगारातून जाणार आहे. जावई भले आहेत, म्हणूनच हे आत्ता, सगळं गोडीत असताना बोलायचं.

रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, गॅस, मतदारयादी ही कामं होतात, त्यांची काळजी नको.

मग माझं म्हणणं काय, ते ऐक. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या, तुमचं बजेट आणि सासूबाईंची तब्येत धरली तर बदलापूर किंवा अंबरनाथ, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, नदी आणि एमआयडीसी दोन्हींपासून लांब, चार-सहा वर्षं जुन्या, सोसायटी नोंदलेल्या इमारतीत. पनवेल मला जास्त आवडतं, हे खरं सांगते, आणि तुझं ऑफिस उद्या बेलापूरला गेलं तर मी तुला पनवेललाच पाठवेन. आज नाही.

पण यातलं काहीही आत्ता विकत घेऊ नकोस. पाडव्याला सूट, अक्षय्य तृतीयेला सोन्याचं नाणं, या मुहूर्तांच्या घाईत सही करू नकोस. एप्रिलच्या शेवटी, शाळेचा निकाल लागला की दाखले काढा आणि इथे अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने या. करार नोंदवून घ्या, आपल्याकडे तो नोंदवणं बंधनकारक आहे आणि आता घरबसल्या ऑनलाइन होतो. मे महिन्यात पाणी कळेल, जूनमध्ये शाळा, जुलैमध्ये रेल्वे आणि नदी. गणपतीपर्यंत सासूबाईंचं मन कळेल. दिवाळीत मग घर घ्यायचं का, कुठल्या बाजूला घ्यायचं, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. न जमलं तर भाड्याचं घर सोडता येतं, वीस वर्षांचं कर्ज सोडता येत नाही. भाड्यात पैसे वाया जातात असं जावई म्हणतील. त्यांना सांग, ताई म्हणते चुकीच्या गावात घेतलेलं घर विकायला याहून जास्त जातात.

आमच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचं एक घर एप्रिलअखेर रिकामं होतंय, मालक ओळखीचे आहेत. त्यांना मी महिनाभर थांबवून ठेवते. तू उद्या सकाळी चहा करताना सासूबाईंशी बोल आणि त्या काय म्हणाल्या ते मला दुपारी फोन करून सांग.